एक काना जास्त

हाडांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंना सगळे मोतीबाई म्हणत. दागिन्यांशी काही संबंध नाही. त्यांच्या गळ्यात खोटा मोतीसुद्धा नव्हता. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोतीबाई. डॉक्टरांनी खरडलेलं कधी कधी डॉक्टरांनाच लागायचं नाही, पण मोतीबाईंचा केसपेपर चौथीतलं पोर घडाघडा वाचेल. बारा वर्षांत आपल्या लिहिण्यात कुणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढलेली नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायच्याच. तर अशा या मोतीबाईंच्या हातून एका सोमवारी एक काना जास्तीचा पडला आणि त्यांना अन्न गोड लागेना.

चूक सापडली ती खिडकी बंद झाल्यावर. केसपेपरची वरची प्रत रुग्ण घरी नेतो आणि खालची, कार्बनची, दवाखान्यात राहते. त्या खालच्या प्रती गठ्ठ्यात लावता लावता एका कागदावर त्यांची नजर अडली. ‘इजा कशामुळे, रुग्णाच्या शब्दांत’ असा एक रकाना प्रत्येक कागदावर असतो. त्या रकान्यात त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जिन्यावरून पाडले.’

पडले नव्हे. पाडले.

मोतीबाईंना पहिल्यांदा वाईट वाटलं ते अक्षराचं, हे कबूल केलं पाहिजे. माणूस आपल्या कौतुकाच्या जागी ठेचकाळला की आधी तिथंच दुखतं. मग सकाळची बाई आठवली आणि त्या अक्षर विसरल्या. कारण वरची प्रत त्या बाईच्या हातात गेलीच नव्हती. ती तिच्या नवऱ्यानं घडी करून खिशात ठेवली होती.

बाई पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. वय पस्तिशीच्या आतबाहेर, उजवं मनगट सुजून भोपळा झालेलं. सोबत नवरा. नवरा म्हणजे अगदी कडक इस्त्रीचा, मवाळ बोलणारा, बायकोची पर्स खांद्याला अडकवून उभा. बायकोला घसाच नाही अशा थाटात तिची सगळी उत्तरं तोच देत होता. नाव, वय, पत्ता, फोन नंबर. ‘कशामुळे लागलं?’ असं मोतीबाईंनी विचारल्यावर मात्र बाई स्वतः म्हणाली, "जिन्यावरून पडले."

"जरा धांदरट आहे," नवरा हसून म्हणाला. "वर्गातल्या पोरांपेक्षा हिच्यावरच लक्ष ठेवावं लागतं."

रांगेतले दोघं-तिघं हसले. मोतीबाईही सवयीनं हसल्या आणि हसता हसता लिहून मोकळ्या झाल्या. तो काना नेमका त्या हसण्यातच पडला असावा. हात घसरला, की हाताला काही ठाऊक होतं, हे त्यांना पुढं कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

आता काय करायचं? मोतीबाईंनी कार्बनच्या प्रतीवरचा नंबर फिरवायला फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. नंबर नवऱ्यानं सांगितला होता, म्हणजे नवऱ्याचाच असणार. पत्ता होता, पण पत्त्यावर जाऊन काय सांगणार, की तुमच्या पडण्यात माझी एक चूक झाली? त्या उठल्या, पाणी प्यायल्या, बसल्या, परत उठल्या. शेवटी मागच्या दारानं आतल्या बोळात गेल्या आणि नऊ नंबरच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या.

ही खोली त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर. दारावर ठसठशीत लाल अक्षरांत पाटी होती, ‘कौटुंबिक हिंसाचार पीडित महिला मदत केंद्र’. आत एक तरुण समुपदेशक बसायची. दवाखान्यात तिला सगळे नऊ नंबरची पोरगी म्हणत. बारा वर्षांत मोतीबाईंनी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. तिथं जाण्यासारखं आपल्याकडं काही नाही, अशी त्यांची समजूत.

पोरगीनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं, "काकू, त्या नंबरवर फोन करू नका. घरीही जाऊ नका. तुमच्या एका फोनपायी तिला मार बसेल."

"पण त्याने वाचलं तर?"

"वाचलं तर वाचलं. आता आपल्या हातात नाही." ती थोडी थांबली. "रागावू नका, पण एक सांगते. ती ‘पडले’ म्हणाली. खोटं असेल, पण तिचं होतं. तुम्ही तिच्या तोंडी दुसराच शब्द घातलात. नवरा तिच्या वतीने बोलतो, आता दवाखानाही बोलायला लागला."

मोतीबाईंना हे लागलं. त्यांच्याहून निम्म्या वयाच्या पोरीनं कान धरावा, आणि तोही बरोबर धरावा, म्हणजे अवघडच.

"मग मी पुसून ‘पडले’ करू?"

"अजिबात नको. हा कागद साधा नसतो. उद्या ती कोर्टात गेली, संरक्षण मागितलं, तर वकील हाच कागद पुढं ठेवतो. ‘पडले’ असलं की समोरचा म्हणतो, बघा, बाई स्वतःच सांगतेय. ती परत कधी येणार आहे?"

"गुरुवारी. प्लास्टर तपासायला."

"मग गुरुवारी मला ती पंधरा मिनिटं एकटी मिळवून द्या. नवरा शेजारी असताना तिला विचारणं म्हणजे त्यालाच विचारणं. या पाटीखालून तर तो तिला आणायचाच नाही. पाटी वाचूनच नवरे बायकोचा दंड धरून पुढं जातात. मी तीनदा अर्ज केलाय पाटी बदलायला."

सोमवार ते गुरुवार म्हणजे मध्ये दोनच दिवस. पण ते दोन दिवस मोतीबाईंनी कसे काढले ते त्यांच्या रांगेला विचारा. एकेक शब्द तीनतीनदा वाचू लागल्या. रांग दारापर्यंत गेली. "आज मोती ओवताय की काय?" असं एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, तरी त्यांनी मान वर केली नाही. कुणी बाई ‘पडले’ म्हणाली की त्यांचा हात प वरच थांबायचा.

दुपारी त्यांनी जुने गठ्ठे काढले. न्हाणीघरात पडले. स्टुलावरून पडले. पाय घसरून पडले. सगळं त्यांच्याच अक्षरात, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. एका बाईचं नाव वर्षभरात तीनदा आलं होतं. तिन्ही वेळा जिना. पत्त्यात लिहिलं होतं, तळमजला. हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं. इतकं सुंदर अक्षर काढणाऱ्या बाईला वाचता येत नव्हतं, असंच म्हणायचं.

आणि तो ‘धांदरट’ शब्द. तो काही डोक्यातून जाईना. कारण तो त्यांच्या माहेरचा होता. त्यांची थोरली बहीण, ताई, घरात धांदरट म्हणूनच ओळखली जायची. सणासमारंभाला आली की कपाळाला नाहीतर कोपराला काहीतरी असायचंच. भाऊजी मोठे विनोदी. "हिला सपाट जमिनीवरसुद्धा पडता येतं," असं ते म्हणाले की अख्खं घर हसून लोळायचं. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर ताई एकदाही पडली नव्हती, हे मोतीबाईंच्या बुधवारी संध्याकाळी, पालेभाजी निवडताना लक्षात आलं. त्यांनी भाजी तशीच ठेवली आणि फोन लावला.

"ताई, तू पूर्वी पडायचीस ना गं."

"बरं मग?"

"खरंच पडायचीस?"

पलीकडं चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"आत्ता आठवलं होय विचारायचं?" ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मोतीबाईंना जास्त भय वाटलं. "रोज पन्नास जणांना विचारतेस कशामुळे लागलं म्हणून. मला कधी विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस कधी."

"कसं सांगणार? ते बोलले की सगळ्यात आधी तू हसायचीस."

मोतीबाईंना रडू फुटलं. रडता रडता त्यांनी सोमवारच्या शिक्षिकेचं सगळं सांगून टाकलं. ताईनं तिकडून त्यांची समजूत घातली, म्हणजे तिथंही काम ताईलाच पडलं. फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली, "झालं ते झालं. पण ती उद्या आली तर हसू नकोस म्हणजे मिळवलं."

गुरुवारी सकाळी साडेअकराला खिडकीत इस्त्रीची बाही आली. हातात घडी उलगडलेला केसपेपर. मागं शिक्षिका उभी, हात गळ्यात बांधलेला. घरात बसूनही उकाड्यानं हैराण व्हावं असे दिवस, पण तिच्या गळ्याभोवती रुमाल होता.

"हे काय लिहिलंय हो?" नवरा आवाज न चढवता म्हणाला. "पाडले? कोणी पाडलं? सरळ ध चा मा केलात तुम्ही. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून द्या."

मोतीबाई घाबरल्या. पण बारा वर्षांची नोकरी अंगात मुरलेली असते. माणूस घाबरला तरी त्याच्यातला कारकून घाबरत नाही. तो कारकून म्हणाला, "चूक असेल तर दुरुस्त होईल. पण खाडाखोड चालत नाही. अर्ज लागतो."

"एका कान्यासाठी अर्ज?"

"काना असो की अख्खं पान. कोरा अर्ज तीन नंबरच्या खिडकीत मिळेल. तो भरून सात नंबरला शिक्का घ्यायचा, मग वरच्या मजल्यावर साहेबांची सही, आणि परत सात नंबरला जावक क्रमांक. तोपर्यंत रुग्णाला आत बसवा. दुरुस्तीचा मजकूर त्यांच्या तोंडून घ्यावा लागतो."

"मी सांगतो ना काय ते."

"तुम्हाला लागलंय का?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो, आटपा की, आम्हालाही दुखतंय." नवऱ्यानं मागं पाहिलं, पुन्हा बायकोकडं पाहिलं. "काय घडलं तेवढंच सांग," असं तिला हळूच म्हणाला आणि तीन नंबरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. यातला एकही नियम मोतीबाईंनी रचलेला नव्हता. सगळे खरे होते. फक्त बारा वर्षांत त्यांनी ते कुणाला लावले नव्हते.

त्यांनी खिडकीवर ‘पाच मिनिटे थांबा’ची पाटी टेकवली, शिक्षिकेला आतल्या खुर्चीवर बसवलं आणि नऊ नंबरला फोनची एकच घंटी दिली. पोरगी मागच्या दारानं आली. पाटी नाही, लाल अक्षरं नाहीत; एक पोरगी, तिच्या हातात पाण्याचा पेला.

"‘पडले’ लिहा आणि लवकर आटपा," शिक्षिका म्हणाली. ती दाराकडं बघत होती. "माझी मुलगी दुसरीत आहे. साडेबाराला सुटते. आज ते आणायला जाणार आहेत."

"लिहू," पोरगी म्हणाली. "तुम्ही सांगाल तेच लिहू. त्याआधी मी दोन मिनिटं बोलते, तुम्ही नुसतं ऐका. तुम्हाला आज घरी जायचं असेल तर जा, कुणी अडवणार नाही. नसेल जायचं तर राहायला सुरक्षित जागा आहे, मुलीसकट. तिचा पत्ता बाहेर कुणाला सांगत नाहीत. वकील फुकट मिळतो. त्यांना तुमच्यापासून लांब ठेवायचा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. चोवीस तास चालणारा एक फोन नंबर आहे. आज नाही वाटलं तर महिन्यानं करा, वर्षानं करा. लिहून देऊ?"

"लिहून नको. सांगा." नंबर ऐकून शिक्षिकेनं तो पाढ्यासारखा दोनदा ओठातल्या ओठात म्हटला. मग म्हणाली, "झालं पाठ. आता लिहा, पडले."

मोतीबाईंनी पेन उघडलं. बाहेर सात नंबरच्या खिडकीपाशी नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता. तिथला कारकून त्याला जावक म्हणजे काय ते समजावत होता. घड्याळात बाराला दहा कमी होते. त्यांना मुकाट्यानं लिहायला हवं होतं, पण राहवलं नाही.

"बाई, माझ्या कान्यानं तुम्हाला त्रास झाला. माफ करा," त्या म्हणाल्या. "हे गळ्याला… ते वाचल्यावरच ना?"

शिक्षिकेनं रुमाल सारखा केला. "काना नसता तर मीठ असतं. मीठ नसतं तर शाळेतून यायला उशीर. त्यांना निमित्ताची काय वाण?"

"माझी बहीण बावीस वर्षं पडत होती," मोतीबाई म्हणाल्या. "मी रोज इथं बसून हेच लिहिते आणि मला कळलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू? कळून घ्यायचं नव्हतं. सोमवारी तुमचे मिस्टर धांदरट म्हणाले तेव्हा मी हसले. त्याचीही माफी मागते. आता तुम्ही म्हणाल ते लिहिते. पडले तर पडले."

पोरगीनं मोतीबाईंकडं रागानं पाहिलं. असं मध्ये बोलायचं नसतं, हे ती शिकलेली होती. शिक्षिका मात्र दार सोडून टेबलाकडं वळली. कार्बनची प्रत तिनं डाव्या हातानं ओढून घेतली आणि वही तपासावी तशी वाचली. एकदा वरून, एकदा बोट ठेवून.

"मी वर्गात रोज हेच तपासते," ती म्हणाली. "काना, मात्रा, वेलांटी. सोमवारी गाडीत त्यांच्या खिशातून कागद डोकावत होता, तेव्हाच मला दिसलं होतं. पहिल्यांदा वाटलं, चूक आहे. मग दोन दिवस चूक सापडेना."

तिनं बोट पुन्हा त्या रकान्यावर टेकवलं.

"काना बरोबर आहे," शिक्षिका म्हणाली. शब्द स्पष्ट होते, फळ्याजवळ उभं राहून म्हणावेत तसे. "वाक्य चुकलंय. ‘पडले’ला एकटीचं भागतं. ‘पाडले’ म्हटलं की कर्ता लागतो. कर्ता राहिलाय. लिहा."

मोतीबाईंनी दुरुस्तीचा कोरा कागद कार्बन घालून पुढं ओढला. "काय लिहू?"

"नवऱ्याने." मग ती लगेच म्हणाली, "नको, नाव लिहा. नवरा म्हणजे कोण, असं उद्या कुणी विचारायला नको. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि पुढं लिहा, याआधीही."

पूर्ण नाव तिनं सांगितलं. मोतीबाईंनी लिहिलं. सहीची जागा दाखवून त्यांनी सवयीनं शाईची डबी पुढं केली, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये असला की अंगठा घेतात. शिक्षिकेनं डबी बाजूला सारली आणि डाव्या हातात पेन धरलं. सही वेडीवाकडी आली, पहिल्या दिवशीच्या पोरासारखी, रेघेच्या खाली घसरलेली.

"मुलगी," शिक्षिका म्हणाली.

"माझी गाडी मागं उभी आहे," पोरगी म्हणाली. "मुख्याध्यापिकांना वाटेत फोन करा माझ्या फोनवरून. चला." तिनं वरची प्रत घडी करून शिक्षिकेच्या हातात दिली आणि जाता जाता मोतीबाईंना म्हणाली, "पहारेकऱ्याला तुमच्या खिडकीपाशी उभं करून जाते. नवऱ्याशी वाद घालू नका." मागचं दार लागलं तेव्हा बाराला पाच कमी होते.

मोतीबाईंनी खिडकीवरची पाटी काढली. चार माणसांचे कागद लिहिले. पाचवा तो आला. घामानं इस्त्री मोडली होती. हातात अर्ज, त्यावर दोन शिक्के, एक सही आणि जावक क्रमांक.

"घ्या. करा आता दुरुस्त."

मोतीबाईंनी अर्ज घेतला, तारीख घातली, गठ्ठ्यातल्या खालच्या प्रतीला टाचला. "झालं."

"काय लिहिलंत?"

"रुग्णाने सांगितलं ते. प्रत रुग्णालाच मिळते, त्यांना दिली."

तो वाकून आत पाहू लागला. खुर्ची रिकामी होती, टेबलावर अर्धा पेला पाणी होतं. "ती कुठं आहे?"

पहारेकरी दोन पावलं जवळ आला. मोतीबाईंनी कोरा केसपेपर पुढं ओढला.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा. तुमच्या मागं रांग आहे."

त्याच्या मागं एक बाई उभी होती, कोपर धरून, एकटीच. मोतीबाईंनी तिला नाव विचारलं, वय विचारलं, आणि रकान्याशी आल्यावर पेन खाली ठेवून विचारलं, "कशामुळे लागलं? सावकाश सांगा. मला घाई नाही."